खूण ओळखणाऱ्याची जबाबदारी

पुऱ्या दिवसांआधी जन्मलेल्या मुलाविषयी आपल्या घरांत जी काळजी वाहिली जाते ती बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते, आणि तो प्रश्न म्हणजे मूल जगेल की नाही हा. पाऊण किलो वजनाचा जीव पेटीत ठेवलेला पाहून आईबापांना दुसरे काही सुचू नये, हे स्वाभाविकच आहे. परंतु गेल्या अर्धशतकात वैद्यकाने या पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी अनुकूल करून दिल्यामुळे त्याच्या पाठीमागे उभा असलेला दुसरा प्रश्न आता पुढे आला आहे. जे मूल जगले त्याचा श्वास पुढे कसा चालेल? पहिल्या पावसाळ्यातल्या सर्दीत ते तग धरील काय, शाळेच्या मैदानावर इतर मुलांच्या बरोबरीने धावेल काय, आणि चाळिशी-पन्नाशीला पोहोचल्यावर त्याची फुप्फुसे त्याला पुरी पडतील काय? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जन्मानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, रक्ताच्या वा मूत्राच्या एखाद्या थेंबावरून देता यावे, यासाठी जगातील अनेक प्रयोगशाळा झटत आहेत. त्या प्रयत्नांविषयी मला आदर आहे. आणि आदर आहे म्हणूनच, त्यांची फळे आपल्या जिल्हा रुग्णालयांपर्यंत कोणत्या अटींवर यावीत, याविषयी काही स्पष्टपणे सांगणे मला अगत्याचे वाटते.

ज्या विकाराविषयी हे बोलणे चालले आहे त्याला वैद्यकात ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेझिया म्हणतात; रुग्णालयात त्याचा उल्लेख 'बीपीडी' या आद्याक्षरांनीच होतो. १९६७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील विल्यम नॉर्थवे आणि त्यांचे सहकारी यांनी ३२ अर्भकांच्या अभ्यासावरून त्याचे पहिले व्यवस्थित वर्णन प्रसिद्ध केले. ही अर्भके जन्मत:च श्वासाच्या तीव्र त्रासाने आजारी होती, आणि त्यांना वाचविण्यासाठी कृत्रिम श्वसनयंत्र व प्राणवायू यांचा भरपूर उपयोग करण्यात आला होता. त्यांतील जी वाचली त्यांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रांत आठवड्यांमागून आठवडे व्रण, सूज आणि विस्कटलेली रचना दिसत राहिली. ज्या साधनांनी प्राण राखले त्याच साधनांनी फुप्फुसांना इजाही केली, ही या विकाराच्या इतिहासातील पहिली आणि आजही न विसरण्यासारखी गोष्ट होय.

पुढे काळ बदलला. फुप्फुसातील वायुकोश उघडे राहावेत म्हणून त्यांच्या आतून जो स्निग्ध लेप असावा लागतो त्याचा अभाव हेच अकाली जन्मलेल्या मुलांच्या श्वासावरोधाचे मूळ आहे, असे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ सालीच दाखवून दिले होते. हा लेप, म्हणजे सर्फॅक्टंट, बाहेरून थेट श्वासनलिकेत सोडून १० अर्भकांवर यशस्वी उपचार केल्याचे जपानच्या फुजिवारा यांनी १९८० साली प्रसिद्ध केले. दरम्यान न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हाऊई यांनी १९७२ मध्ये हे सिद्ध केले होते की, प्रसूती अकाली होणार असे दिसताच मातेला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले तर गर्भाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. या शोधांमुळे व्रणांनी भरलेली जुनी फुप्फुसे विरळ झाली. पण पूर्वी जी जगतच नव्हती अशी २४ ते २८ आठवड्यांची बाळे जगू लागली आणि त्यांच्याबरोबर विकाराचे रूपच पालटले. मातेच्या उदरात २४व्या आठवड्याच्या सुमारास फुप्फुस म्हणजे केवळ शाखांचा पसारा आणि त्यांच्या टोकांशी उमलू पाहणाऱ्या पिशव्या एवढेच असते. खरे वायुकोश पुष्कळसे ३६व्या आठवड्यानंतर आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत घडतात. हे काम अर्ध्यावर असताना मूल हवेत आले, आणि जंतुसंसर्ग, प्राणवायूची अतिमात्रा अथवा यंत्राचा दाब यांचा आघात त्याच्यावर झाला, तर वायुकोशांची विभागणी तेथेच खुंटते. ते संख्येने थोडे व आकाराने मोठे राहतात, आणि त्यांच्याभोवतीचे रक्तवाहिन्यांचे जाळेही अपुरे विणले जाते. आज नवजात शिशु विभागांत जो बीपीडी प्रामुख्याने आढळतो तो हा वाढ खुंटल्याचा विकार होय.

आता अडचण अशी की या विकाराचे निदान फार उशिरा होते. पूर्वी २८व्या दिवशीही प्राणवायू लागत असेल तर निदान होई; १९८८ पासून ही मुदत मातेच्या शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या ३६व्या आठवड्यापर्यंत पुढे नेण्यात आली; २००१ मध्ये सौम्य, मध्यम व तीव्र अशा पायऱ्या ठरल्या, आणि २०१९ मध्ये ३६व्या आठवड्याला श्वासाला किती आणि कोणते साहाय्य लागते यावरून नवी श्रेणी सुचविण्यात आली. व्याख्या कोणतीही घ्या, २६व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला त्याच्या विकाराचे नाव मिळेपर्यंत दहा आठवडे उलटलेले असतात, आणि एवढ्या अवधीत जे नुकसान व्हायचे ते पुष्कळसे होऊन गेलेले असते. म्हणून पहिल्या काही दिवसांतच, विकार उघड होण्यापूर्वी, त्याची चाहूल देणारी एखादी खूण शरीरद्रवांत सापडावी, ही आकांक्षा अगदी न्याय्य आहे. अशा खुणांना जैवचिन्हे म्हणावे.

या शोधाचा तपशील रंजक आहे. श्वासनलिकेतून काढलेल्या स्रावात इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-८ यांसारखी दाहजनक द्रव्ये वाढलेली आढळतात. फुप्फुसात नव्या रक्तवाहिन्या घडविण्यास चालना देणारे व्हीईजीएफ हे प्रथिन, ज्या बाळांना पुढे हा विकार होतो त्यांच्यात कमी पडल्याचे दिसून आले आहे. वायुकोशांच्या अस्तराला इजा झाली की केएल-६ नावाचे एक द्रव्य रक्तात उतरते. श्वासनलिकेच्या अस्तरातून स्रवणारे आणि दाह शमविणारे सीसी-१० हे प्रथिन अशा बाळांत घटलेले सापडते. मूत्रात बॉम्बेसिनसदृश पेप्टाइडे वाढतात, हे आणखी एक निरीक्षण. हृदयावरचा ताण दर्शविणारे एनटी-प्रोबीएनपी हे द्रव्य तर फुप्फुसांतील रक्तदाब वाढू लागल्याची सूचना देऊ शकते. यांशिवाय सूक्ष्म-आरएनए, चयापचयाची द्रव्ये, फुप्फुसांची सोनोग्राफी असे नवनवे मार्ग चाचपले जात आहेत. यांपैकी प्रत्येक खूण विकाराच्या कथेचा एकेक धागा दाखविते. परंतु रोजच्या उपचाराचा निर्णय जिच्यावर सोपवावा असे सर्वमान्य स्थान अद्याप एकाही चाचणीला मिळालेले नाही.

येथे एक हिशेब डोळ्यांसमोर ठेवणे अवश्य आहे. ८०० ग्रॅम वजनाच्या बाळाच्या अंगात सारे मिळून सुमारे ७० मिलिलिटर रक्त असते. त्यातील १ मिलिलिटर काढणे म्हणजे प्रौढ माणसाच्या अंगातून एकदम ७० मिलिलिटर काढण्यासारखे आहे. आणि अशा बाळाच्या रक्ताच्या तपासण्या दर दोन-चार दिवसांनी होतच असतात. ज्या बाळाला या तपासण्यांपायीच पुढे दुसऱ्याचे रक्त द्यावे लागण्याचा संभव असतो, त्याच्याकडून आणखी एक नमुना मागण्यापूर्वी, त्या नमुन्याच्या मोबदल्यात त्या बाळाला काय मिळणार, हे मागणाऱ्याने सांगितले पाहिजे. मूत्र, पोटातला किंवा श्वासनलिकेतला काढून टाकावाच लागणारा स्राव, अन्य तपासणीतून उरलेले रक्त यांवर भागत असेल तर संशोधनाने तेथेच समाधान मानावे, हा दंडक मला वैज्ञानिक दृष्ट्या जेवढा शहाणपणाचा वाटतो तेवढाच नीतीच्या दृष्टीनेही वाटतो.

मूल जन्मल्यावर सटवाई येऊन त्याच्या कपाळी भविष्य लिहून जाते, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आली, आणि त्या रात्री पाटावर कोरा कागद व लेखणी ठेवण्याची चालही अनेक घरांत पाळली गेली. सटवाईचा लेख पुसता येत नाही, ही त्या समजुतीतील मुख्य गोष्ट. जैवचिन्हाचा काही उपयोग व्हायचा असेल तर तो नेमका याच्या उलट झाला पाहिजे. जे पुसता येत नाही ते आधी वाचून दाखविण्याने आईबापांच्या दु:खाचा अवधी वाढतो, आणि उपचार करणाऱ्यांचे हात, हे मूल असेही आजारीच राहणार, या भावनेने नकळत सैल पडण्याचा धोका उत्पन्न होतो. खूण ओळखण्याचा अधिकार ज्याला हवा त्याने त्या खुणेवर काय करावयाचे, याची जबाबदारीही पत्करली पाहिजे. या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते मुख्यत: एवढेच आहे.

खुणांच्या बाजूने जो सर्वांत बळकट युक्तिवाद करता येतो तोही येथे मांडणे न्यायाचे होईल. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत अशा बाळांना यंत्रावरून लवकर सोडविण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड जन्मानंतर मोठ्या प्रमाणावर दिले जाई. फुप्फुसे सुधारत, बाळ यंत्रावरून सुटे, सर्वांना हायसे वाटे. पुढे काही वर्षांनी असे निष्पन्न झाले की पहिल्या आठवड्यात हे औषध मिळालेल्या मुलांत मेंदूच्या पक्षाघाताचे प्रमाण वाढले होते. २००२ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच्या सरसकट वापराविरुद्ध शिफारस केली. त्यानंतर २००५ साली ऑस्ट्रेलियाच्या लेक्स डॉयल आणि सहकाऱ्यांनी सर्व चाचण्या एकत्र तपासून एक मार्मिक गोष्ट दाखविली: ज्या बाळांना विकार होण्याची शक्यता ३५ टक्क्यांहून कमी, त्यांच्यात या औषधाने मृत्यू अथवा पक्षाघात वाढतो, जेथे ती ६५ टक्क्यांहून अधिक, तेथे तो घटतो. म्हणजे एकच औषध एका बाळाला घातक व शेजारच्या पेटीतील बाळाला तारक ठरू शकते, आणि दोघांतील भेद आधी ओळखता आला तरच ते विवेकाने देता येते. येथे खुणेला उपाय जोडलेला आहे. अशा ठिकाणी अचूक भाकिताचे मोल फार मोठे, हे नि:शंकपणे मान्य केले पाहिजे.

मग आज हे भाकीत कशावर केले जाते? २०११ साली अमेरिकेतील नवजात शिशु संशोधनाच्या सरकारी जाळ्याने एक गणिती साधन प्रसिद्ध केले. बाळाच्या जन्मानंतर पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी काही साधी माहिती भरली की विकाराची शक्यता किती, हे ते सांगते. त्या माहितीत महागड्या प्रथिनांपैकी एकही नाही: गर्भावधी, जन्माचे वजन, मुलगा की मुलगी, श्वासाला कोणते साहाय्य चालू आहे, प्राणवायू किती टक्के लागतो, आणि वंश. पहिल्या व तिसऱ्या दिवशी सर्वाधिक माहिती गर्भावधीने मिळते, आणि सातव्या दिवसापासून श्वासाच्या साहाय्याच्या प्रकाराने, असे त्याच्या कर्त्यांना आढळून आले. वंशाच्या रकान्यात मात्र श्वेत, कृष्णवर्णी आणि हिस्पॅनिक एवढ्याच नोंदी होत्या. नागपूर, नांदेड वा धारावी येथील बाळाने आपले नाव कोणत्या रकान्यात घालावे, हे त्या साधनाला विचारून उपयोग नव्हता. दुसऱ्यांच्या मुलांवर मापलेला गज आपल्या मुलांना लावताना तो आधी येथे पडताळून घेतला पाहिजे, हे तत्त्व गणिताला लागू आहे तसेच रक्तातील प्रत्येक जैवचिन्हालाही लागू आहे.

पण या साधनापासून घेण्यासारखा मोठा धडा निराळाच आहे. जगातील अत्यंत सुसज्ज रुग्णालयांत पहिल्या दिवशी सर्वांत बोलकी ठरलेली खूण म्हणजे गर्भाचे वय, आणि आपल्याकडे जी माहिती वारंवार चुकते तीही हीच. माता व बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीच्या तारखेचा रकाना असतो. ऊसतोडीच्या अथवा वीटभट्टीच्या हंगामात गाव सोडून गेलेली एखादी बाई सातव्या-आठव्या महिन्यात परत येऊन प्रथमच नाव नोंदविते तेव्हा, पाळी कधी चुकली, या प्रश्नाला ती 'नागपंचमीच्या आसपास' असे उत्तर देते. नर्सताई त्या 'आसपास'चे रूपांतर एका तारखेत करतात, तारीख कार्डावर चढते, आणि तेथून पुढे प्रसूतिगृहाच्या वहीत व नवजात कक्षाच्या कागदांवर ती निर्विवाद सत्य म्हणून फिरत राहते. नागपंचमीच्या अलीकडचा आठवडा आणि पलीकडचा आठवडा मिळून दोन आठवड्यांची चूक सहज होते. २०२२ मध्ये नागपंचमी २ ऑगस्टला आली होती आणि २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ती २१ ऑगस्टला गेली, हे लक्षात घेतले म्हणजे सणांवरून तारीख लावण्यात किती काळजी हवी, हे ध्यानात येईल. एवढ्या अंतराने २५ आठवड्यांचे बाळ कागदोपत्री २७ आठवड्यांचे होते. आणि मग पुढची कोणतीही चाचणी, कितीही सूक्ष्म असो, चुकलेल्या पायावरच उभी राहते. पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी हीच तारीख सुमारे आठवड्याच्या आत निश्चित करते. शेवटच्या तिमाहीत केली तर चूक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते.

हा केवळ नोंदवहीतील बारकावा आहे, असे ज्यांना वाटेल त्यांनी दोन मोठ्या प्रयोगांची तुलना करून पाहावी. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा देशांतील ग्रामीण व अर्धनागरी विभागांत अकाली प्रसूतीचा संभव दिसताच मातांना स्टिरॉइड देण्याची योजना अमलात आणली गेली. त्या सहांत भारत होता आणि भारतातील दोन केंद्रांपैकी एक नागपूरचे होते, दुसरे बेळगावचे. गर्भावधीच्या नोंदी सर्वत्र भरवशाच्या नसल्याने, अकाली जन्माऐवजी अत्यल्प वजन हीच कसोटी त्या अभ्यासाला मानावी लागली. फलित अनपेक्षित निघाले. अत्यल्प वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत. सर्व बाळे एकत्र धरली तर नवजात मृत्यूंचे प्रमाण योजनेच्या विभागांत हजारी २७.४ आणि इतरत्र २३.९ आढळले, म्हणजे योजना राबविलेल्या ठिकाणीच ते अधिक होते. ज्या मातांना औषध मिळाले त्यांतील बहुतेकींची बाळे अत्यल्प वजनाची निघालीच नाहीत. पुढे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत तेच औषध तपासले. मात्र या वेळी सुसज्ज रुग्णालये निवडली, गर्भाचे वय सोनोग्राफीने निश्चित केले आणि २६ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यानच्या मातांनाच ते दिले. तेथे नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. दोन प्रयोगांत आणखीही भेद होते, परंतु योग्य वयाच्या गर्भाला योग्य ठिकाणी औषध मिळणे, हा त्यांतील एक प्रमुख भेद होता, याविषयी दुमत नसावे. आपल्या सरकारने २०१४ मध्येच अकाली प्रसूतिवेदना सुरू झालेल्या मातेला पुढे पाठविण्यापूर्वी हे इंजेक्शन देण्याची मुभा आरोग्यसेविकांना दिली आहे. ती मुभा खऱ्या अर्थाने फलदायी व्हायची तर त्यांच्या हातातील कार्डावरची तारीख खरी असली पाहिजे.

उपायांचेही असेच आहे. एव्हरी यांनीच १९८७ साली अमेरिकेतील आठ केंद्रांची तुलना केली तेव्हा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या रुग्णालयात हा विकार सर्वांत कमी आढळला. तेथे जेन-त्यिएन वुंग यांच्या देखरेखीखाली बाळांना शक्य तोवर नळी घालून यंत्रावर न ठेवता नाकातून सौम्य, अखंड दाबाची हवा देण्याचा प्रघात होता. या पद्धतीचे साधन पाहिले तर नवल वाटावे इतके साधे आहे. नाकपुड्यांत बसणाऱ्या दोन मऊ नळ्या, आणि बाहेर जाणाऱ्या नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत पाच सेंटिमीटर बुडविलेले. जितके सेंटिमीटर पाणी तितका दाब बाळाच्या फुप्फुसांत टिकतो. पाण्यात बुडबुडे येत आहेत तोवर दाब पोहोचत आहे. ते थांबले की बाळाचे तोंड उघडे पडले आहे, अथवा नळी निसटली आहे, हे सिस्टरांनी ओळखून तत्काळ ठीक करायचे. बाळाच्या अंगठ्याएवढ्या पावलाला गुंडाळलेल्या लाल दिव्याच्या पट्टीवरून रक्तातील प्राणवायू मोजायचा, आणि तो कमी पडू नये तसाच अधिकही होऊ नये म्हणून हवा व प्राणवायू यांचे मिश्रण ठरावीक मर्यादेत राखायचे. कारण अधिक प्राणवायूने डोळ्यांतील पडदाही निकामी होऊ शकतो. यात कोठे दुर्मीळ रसायन नाही. जे लागते ते म्हणजे रात्रीच्या तीन वाजता त्या बाटलीकडे लक्ष असलेला प्रशिक्षित माणूस.

औषधांतही हाच अनुभव आहे. चहा-कॉफीतील कॅफीन हे द्रव्य अकाली जन्मलेल्या बाळांचा मध्येच थांबणारा श्वास चालू राहावा म्हणून दिले जाते; २००६ साली प्रसिद्ध झालेल्या दोन हजारांवर बाळांच्या चाचणीत ज्यांना ते मिळाले त्यांच्यात हा विकार ३६ टक्के आणि ज्यांना मिळाले नाही त्यांच्यात ४७ टक्के आढळला. एका जुन्या, स्वस्त औषधाने एवढा फरक पडावा, आणि तरीही कोणत्या बाळाला ते केव्हा सुरू केले याची धड नोंद अनेक ठिकाणी नसावी, ही गोष्ट मनाला लागते. आईच्या दुधाचेही तसेच. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. ज्या अकाली जन्मलेल्या बाळांना मानवी दूध मिळते त्यांना आतड्याच्या भयंकर विकारापासून संरक्षण मिळते, आणि फुप्फुसांच्या या विकाराचा धोकाही त्यांच्यात कमी आढळतो. म्हणजे महाराष्ट्राला या मार्गाची ओळख नव्याने करून द्यावयाची नाही. जे एका रुग्णालयात तीन दशकांपूर्वी सुरू झाले ते प्रत्येक जिल्ह्यात पोहोचविण्याची तजवीज तेवढी करावयाची आहे.

भारतात २०२० साली सुमारे ३० लाख बाळे अकाली जन्मली, असा जागतिक अंदाज आहे. जगातील दर पाच अकाली जन्मांपैकी एकाहून अधिक जन्म एकट्या भारतातले. यांतील फार थोडी बाळे २८ आठवड्यांच्या आतली असली, तरी तो आकडा लहान नाही. आणि आपली रुग्णालये जसजशी सुधारतील तसतशी त्यांतील अधिकाधिक बाळे जगतील व दुसरा प्रश्न घेऊन घरी जातील. घरी गेल्यावर त्यांचे काय होते? पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस जन्मलेल्या, २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या मुलांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा करून त्यांची वाढ व बुद्धी यांविषयी मोलाची माहिती जमविली, हे चिकाटीचे उदाहरण आपल्यासमोर आहे. श्वासाच्या बाबतीत असाच पाठपुरावा सर्वत्र हवा. ज्याला हा विकार झाला ते मूल पहिल्या दोन वर्षांत पुन:पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचा संभव असतो. चुलीच्या वा विडी-सिगारेटच्या धुराने ते इतरांहून आधी गुदमरते. आणि प्रौढपणी त्याच्या फुप्फुसांची क्षमता कमी राहण्याची भीती असते. मात्र जन्माच्या वेळचा दाखला त्याच्या कागदपत्रांतून लवकरच गळून पडतो, आणि पाचव्या वर्षी धाप लागते म्हणून दवाखान्यात नेलेल्या त्या मुलावर नुसता दम्याचा शिक्का बसतो.

म्हणून राज्याच्या आरोग्य खात्याकडे माझे मागणे असे आहे. प्रत्येक गरोदर स्त्रीची पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी तालुक्याच्या ठिकाणी मोफत व्हावी, आणि कार्डावर तारखेशेजारी ती पाळीवरून लावली की सोनोग्राफीवरून, हेही लिहिले जावे. गर्भलिंगनिदानाच्या गुन्ह्याला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांआधी, १९८८ मध्ये केला. त्याच्या कडक अंमलबजावणीला बाध न आणता ही सोय करणे प्रशासनाला अशक्य नाही. जिल्ह्यातील प्रत्येक नवजात अतिदक्षता कक्षात सौम्य दाबाच्या हवेचे साधन, प्राणवायूचे मिश्रण करणारे यंत्र, कॅफीन आणि मानवी दूध यांची कायम तरतूद असावी, आणि तेथे तयार झालेल्या परिचारिकांच्या बदल्या सरसकट नियमाने होऊ नयेत. कारण त्या कक्षातले कौशल्य यंत्रापेक्षा माणसांत अधिक साठलेले असते. ३६व्या आठवड्याला बाळाला श्वासासाठी काय लागत होते, ही एक ओळ घरी सोडतानाच्या कागदावर सक्तीची करावी, आणि ती शाळेच्या आरोग्य तपासणीपर्यंत मुलासोबत जावी. जैवचिन्हांचे संशोधन आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत अवश्य व्हावे, किंबहुना येथील बाळांवर पडताळल्याखेरीज बाहेरची कोणतीही चाचणी विकत घेऊ नये. पण अशा प्रत्येक संशोधनाच्या दरखास्तीत, खूण सापडली तर त्या बाळासाठी कोणता उपचार बदलेल, याचे उत्तर पहिल्या पानावर असावे, आणि नमुना घेण्यापूर्वी ते उत्तर आईला तिच्या बोलीत समजावून सांगितले जावे.

हे मागणे अव्यवहार्य आहे असे कोणी म्हणेल तर त्याने गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळाच्या जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखावयास शिकविले, आणि त्याच स्त्रियांच्या हाती जेंटामायसिनचे इंजेक्शनही दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला होता. त्या यशाचे मर्म, मला वाटते, खूण आणि उपाय एकाच हातात असण्यात होते. लक्षण ओळखणारी बाई ते दुसऱ्या कोणाला कळवून मोकळी झाली नाही. तिने पुढचे पाऊल स्वत: टाकले. उद्या रक्ताच्या थेंबातून बाळाच्या फुप्फुसांचे भवितव्य वाचणारे यंत्र आपल्या जिल्ह्यांत येईल, आणि यावेच. परंतु ते ज्या कक्षात ठेवले जाईल तेथे खरी तारीख, सौम्य श्वास, साधे औषध, आईचे दूध आणि जागती परिचारिका ही पाच आधीपासून हजर असली पाहिजेत, आणि ज्या अधिकाऱ्याच्या सहीने त्या यंत्राच्या खरेदीला मंजुरी मिळेल त्याच्याच सहीने या पाचांची हमीही दिली गेली पाहिजे.